बिबट्याच्या भीतीनं कुत्रा घरात घेतला, पण तो पायपुसण्यावरच शू करतोय. असं का होतं आणि ही सवय कशी सोडवायची?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की घोड नदीच्या काठी कळंब लागतं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. धरणांच्या पाण्यामुळे बागायती झालेली शेतं, त्यात उभा ऊस आणि उसात मुक्कामाला असलेला बिबट्या, हे या पट्ट्यातलं नेहमीचं चित्र आहे.

दिवस मावळायला लागला की मळ्यातल्या वस्तीवर पहिल्यांदा लेकरं घरात बोलावली जातात. मग शेळ्या, कालवडी गोठ्यात बंद होतात. आणि आता अनेक घरांत त्यांच्यापाठोपाठ कुत्र्यालाही आत घेतलं जातं. ओट्यावर झोपलेलं कुत्रं बिबट्यानं क्षणात उचलून नेल्याचे सीसीटीव्ही व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलेत. त्यामुळे ही काळजी योग्यच आहे.

पण अडचण सुरू होते ती सकाळी. पायपुसणं ओलं, दिवाणाचा पाय ओला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शी. मग आरडाओरडा, एखादी चापट आणि शेवटी घरातल्या कुणाचं तरी वाक्य, "जाऊ दे, बांध त्याला बाहेरच."

हे वाक्य कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ही सवय नेमकी कशामुळे लागते आणि ती कशी मोडता येते, हे समजून घ्यायला हवं.

बाहेर बांधणं धोक्याचं का?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. या भागाला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्या नेमकं काय खातो, हे त्यातून तपासलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा होता, तब्बल ३९ टक्के. शेळ्या-गुरांसकट माणसांभोवतीच्या सगळ्या प्राण्यांचा मिळून वाटा ८७ टक्के निघाला.

थोडक्यात, कुत्रा हे बिबट्याचं इथलं मुख्य खाणं आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नसते. आणि दारात बांधलेला कुत्रा बिबट्याला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणतो, त्यामुळे धोका फक्त कुत्र्याला राहत नाही.

म्हणजे कुत्रा रात्री आत, किंवा किमान बंदिस्त जागेत ठेवणंच शहाणपणाचं आहे. प्रश्न उरतो तो त्याच्या शू-शीचा.

कुत्रा 'मुद्दाम' करतो का?

नाही. "रागावलो म्हणून त्यानं गादीवर केलं", "बदला घेतला", असं सहज म्हटलं जातं. पण घाण करून माणसाला धडा शिकवावा, असा हिशेब कुत्रा करत नाही. त्याच्यासाठी लघवी ही घाण नाहीच, ती वासाची चिठ्ठी आहे.

मग "ओरडल्यावर तो अपराध्यासारखा का बघतो?" याचंही उत्तर संशोधनात सापडतं. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला होता, काहींनी खाल्ला नव्हता. पण मान खाली, कान मागे, नजर चोरलेली, असा 'अपराधी' चेहरा मालक रागावला की दिसायचा. कुत्र्यानं खरोखर चूक केली होती की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो चेहरा पश्चात्तापाचा नसतो, समोरच्या माणसाच्या रागाला दिलेला तो प्रतिसाद असतो.

म्हणूनच सकाळी उठून ओल्या जागेवर कुत्र्याचं नाक घासण्याचा काही उपयोग होत नाही. रात्री तीन वाजता केलेली शू आणि सकाळी सहाला मिळालेली चापट यांचा संबंध त्याला लागत नाही. तो एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग तो दिवाणाखाली, पोत्यांच्या मागे, लपून करायला लागतो. मारण्यानं सवय जात नाही, फक्त नजरेआड होते.

पायपुसणंच का?

कुत्र्याची शू-शीची सवय तीन गोष्टींवर ठरते, पायाखाली काय आहे, वास कसला आहे आणि वेळ कोणती आहे.

पिल्लू साधारण आठ-नऊ आठवड्यांचं झालं की पायाखालच्या पृष्ठभागाची आवड पक्की व्हायला लागते. मातीत वाढलेल्याला माती हवी असते, गवतात वाढलेल्याला गवत. वस्तीवरचा कुत्रा आयुष्यभर बांधावर, उकिरड्याजवळ, भुसभुशीत मातीत गेलेला असतो. त्याला एका रात्रीत फरशीच्या खोलीत कोंडलं की तो शोधतो काय? पायाला मऊ लागणारी, ओल शोषून घेणारी जागा. घरात अशी जागा म्हणजे पायपुसणं, गोधडी, गोणपाट किंवा गादी.

वासाचंही तसंच आहे. एकदा जिथे लघवी झाली, तिथला वास आपल्याला येईनासा झाला तरी कुत्र्याला येत राहतो. त्याच्या दृष्टीनं ती जागा 'ठरलेली' असते.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. शेतकरी घरात कुत्र्याचं जेवण बहुतेक वेळा माणसांची जेवणं उरकल्यावर होतं. रात्री नऊला उरलेली भाकरी-दूध, साडेनऊला दार बंद. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते आणि बऱ्याच कुत्र्यांना जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आसपास शी लागते. म्हणजे नेमकी त्याची वेळ होते आणि आपण कडी लावतो. पूर्वी दार उघडं नसलं तरी अंगण त्याचंच होतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

काही कुत्र्यांच्या बाबतीत भीतीचाही भाग असतो. बाहेर बिबट्याचा वास किंवा चाहूल लागली तर कुत्रा उंबऱ्यावरच अडून बसतो, ओढून नेलं तरी शू न करता परत येतो आणि आत येऊन मोकळा होतो. हा हट्ट नाही. घाबरलेला कुत्रा उघड्यावर निवांत बसू शकत नाही.

टायर, तुळस आणि चपला: ही खरं तर 'सही' असते

नर कुत्रा दिवाणाच्या पायावर, गाडीच्या टायरवर, तुळशी वृंदावनावर पाय वर करून चार थेंब सोडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला लघवी लागलेली नसते. तो खूण करत असतो. उभी वस्तू त्याला सोयीची, कारण वास नाकाच्या उंचीवर राहतो. टायर तर दहा गावांचे वास घेऊन आलेला असतो, त्यामुळे त्यावर आपली सही करणं त्याला गरजेचं वाटतं. माद्याही खूण करतात, विशेषतः माजावर असताना.

यातली एक गंमत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडली. लहान चणीचे नर कुत्रे मोठ्यांच्या तुलनेत पाय जास्त वर उचलतात. खूण जितकी उंच, तितका कुत्रा मोठा वाटणार, असा त्यामागचा तर्क असू शकतो.

शी केल्यावर मागच्या पायांनी माती उकरणं हेही घाण झाकण्यासाठी नसतं. पंज्यांतल्या ग्रंथींचा वास जमिनीला लागतो आणि ओरखडेही दिसतात, म्हणजे खूण दुप्पट होते. बसण्याआधी गोल गोल फिरण्याबद्दल तर चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या हजारो नोंदी घेतल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे शी करताना उत्तर-दक्षिण दिशेनं बसणं पसंत करतात, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी त्याला 'इग नोबेल' हा गमतीशीर पण खरा पुरस्कारही मिळाला. या सवयी सोडवायची गरज नाही, त्या कुत्रेपणाचाच भाग आहेत.

खूण करण्याची सवय मात्र घरात त्रासाची ठरते. नराची नसबंदी केल्यावर अनेक कुत्र्यांमध्ये ती बरीच कमी होते, सगळ्यांमध्ये नाही. सवय जुनी होण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर फायदा जास्त दिसतो. शिवाय नसबंदी झालेला नर माजावरच्या मादीमागे रात्री-अपरात्री भटकत नाही. बिबट्याच्या भागात हा फायदाही छोटा नाही.

रंगीत पाण्याच्या बाटल्यांचं काय?

गावोगावी दारात, ओट्यावर लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. त्यामुळे कुत्री तिथे शू करत नाहीत, असं मानलं जातं. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल रंग मात्र त्याला मळकट दिसतो. पण रंग दिसला म्हणून कुत्रा घाबरतो, याला कुठलाही शास्त्रीय आधार नाही. नवी वस्तू म्हणून तो एखाद-दोन दिवस बिचकेल, नंतर त्याच बाटलीवर पाय वर करेल.

आधी आजार नाही ना, ते बघा

शहाणा कुत्रा अचानक घरात करायला लागला, तर पहिली शंका सवयीची नको, तब्येतीची घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार या सगळ्यांत लघवीचं प्रमाण किंवा वेळा बदलतात. म्हाताऱ्या कुत्र्याला लघवी धरून ठेवता येत नाही. नसबंदी झालेल्या काही माद्यांची झोपेत नकळत लघवी होते. जंत, शिळं अन्न किंवा बदललेलं खाणं यामुळे जुलाब झाले तर बिचारा कुत्रा दारापर्यंत पोहोचूच शकत नाही.

पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका, पशुवैद्यकांकडे न्या:

- सारखा बसतो, जोर करतो, पण लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते. नरांमध्ये लघवी पूर्ण अडकणं ही तातडीची अवस्था आहे.
- लघवीत किंवा शीमध्ये रक्त दिसतं.
- पाणी पिणं अचानक खूप वाढलंय.
- नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी घाण वासाचा स्राव जातोय, ती मलूल आहे. गर्भाशयात पू झाल्याचं हे लक्षण असू शकतं.

घरातली लघवी हा माणसांच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार बाधित प्राण्याच्या लघवीतून पसरतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. विष्ठेतून जंतांची अंडी पसरतात, त्यांचा त्रास लहान मुलांना जास्त होतो. त्यामुळे लसीकरण आणि जंताचं औषध वेळेवर द्या आणि साफसफाईनंतर साबणानं हात धुवा.

सवय कशी बदलायची?

आजार नाही, हे कळल्यावर खरं काम सुरू होतं. त्यासाठी महागडी वस्तू लागत नाही, काही आठवड्यांचा नेम लागतो.

१. जेवण उजेडात आणा. कुत्र्याचं रात्रीचं जेवण संध्याकाळी पाच-साडेपाचला द्या. डिसेंबरच्या सुरुवातीला या भागात सहाच्या आसपासच सूर्य मावळतो, हे धरून वेळ ठरवा. जेवणानंतर अर्धा तास त्याच्यासोबत बाहेर राहा. म्हणजे शी अंधार पडायच्या आत उरकते. पाणी मात्र बंद करू नका, विशेषतः उन्हाळ्यात.

२. शेवटची फेरी घराला चिकटून. झोपण्याआधी शू करवायची तर उसाच्या कडेला किंवा बांधावर जाऊ नका. अंगणात, दिव्याच्या उजेडात, दारापासून चार पावलांवरच. हातात बॅटरी आणि काठी असू द्या, मोठ्यानं बोलत राहा किंवा मोबाइलवर गाणी लावा. या कामाला लहान मुलांना पाठवू नका आणि स्वतः वाकून किंवा खाली बसून थांबू नका. गावात बिबट्या दिसल्याची बातमी असेल त्या दिवशी ही फेरी नकोच.

३. आतच माती द्या. ज्यांच्याकडे जाळी लावलेली पडवी, बंद गोठा किंवा न्हाणीघर आहे, त्यांनी तिथे कुत्र्याची जागा करावी. प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर विटांची चौकट करा आणि कुत्रा रोज जिथे जातो तिथलीच माती तीन-चार बोटं भरा. त्याच्या लघवीनं ओला झालेला एखादा फडका पहिले काही दिवस त्या मातीत ठेवा. ओळखीची माती आणि ओळखीचा वास असला की त्याला वेगळं सांगावं लागत नाही. माती दोन-तीन दिवसांनी बदला. ही जागा त्याच्या जेवणापासून आणि झोपण्यापासून लांब हवी.

४. बक्षीस लगेच द्या. योग्य जागी शू झाली की दोन-तीन सेकंदांच्या आत शाबासकी आणि खाऊ. उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा छोटा तुकडा पुरतो, भाकरीचा तुकडाही चालतो. घरात येऊन दिलेला खाऊ त्याला 'घरात आल्याबद्दल' मिळाला असं वाटतं, म्हणून जागेवरच द्या. शू करताना दर वेळी एकच शब्द म्हणा. काही दिवसांत तो शब्द ऐकला की तो तयार होतो.

५. चुकताना दिसला तर थांबवा, मारू नका. टाळी वाजवा, "ए" म्हणा आणि लगेच त्याच्या जागेवर न्या. तिथे केलं तर शाबासकी. नंतर कळलं तर काहीच बोलू नका, फक्त पुसा.

६. फिनेलवर भरवसा ठेवू नका. फिनेलचा उग्र वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, पण लघवीचा अंश तिथेच राहतो. अमोनिया असलेली द्रव्यं तर टाळाच, त्यांचा वास लघवीसारखाच असतो. गोमूत्र शिंपडलं तर कुत्र्याच्या नाकाला ती दुसऱ्या प्राण्याची खूण वाटू शकते. आधी फडक्यानं सगळी ओल टिपा, मग एन्झाइम असलेल्या कपड्याच्या पावडरीच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीच ओल्या लघवीवर ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो. जमीन सारवलेली असेल तर ओला थर खरवडून काढा आणि पुन्हा सारवा. पायपुसणं काही आठवडे उचलूनच ठेवा.

पिल्लाचं गणित वेगळं असतं. त्याचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दिवसा धरून ठेवू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर न्यायलाच हवं. रात्रभर कोरडं राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

पाहुणे आले की शू, आणि स्वतःची शी खाणं

काही कुत्रे पाहुणा आला किंवा मालक घरी आला की जागेवरच शू सोडतात. पिल्लांमध्ये आणि भित्र्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं. आनंद किंवा दबून जाणं, ही त्याची कारणं. इथे रागावलं तर ते वाढतं. आल्या आल्या त्याच्याकडे बघू नका, वरून हात घालू नका, दोन मिनिटांनी शांतपणे बसून जवळ घ्या. वय वाढतं तसं अनेकांचं हे आपोआप थांबतं.

शी खाण्याची सवय किळसवाणी वाटते, पण दुर्मीळ नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १६ टक्के कुत्रे वारंवार शी खाताना आढळले होते आणि ते बहुतेक ताजीच खात होते. ती सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांचं यश जेमतेम शून्य ते दोन टक्के निघालं. त्यामुळे पैसे घालवण्यापेक्षा शी केल्याबरोबर उचलणं, त्याला हाक मारून खाऊ देणं आणि जंताचं औषध देणं हेच उपाय बरे.

किती दिवस लागतील?

नेम पाळला तर बहुतेक कुत्र्यांमध्ये काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो. जन्मभर साखळीवर राहिलेल्या कुत्र्याला वेळ जास्त लागतो, कारण त्याला घाणीतच बसायची सवय लावलेली असते. मधे एखादी रात्र चुकेल. ती मोजू नका, कोरड्या गेलेल्या रात्री मोजा.

एवढं करूनही कुत्रा घरात घेणं शक्य नसेल, तर त्याला बाहेर मोकळं बांधण्याऐवजी वरून आणि चारही बाजूंनी बंद असा मजबूत जाळीचा पिंजरा किंवा बंद गोठा द्या. घराभोवती उष्टं, कोंबडीची घाण टाकू नका, त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

वर्षानुवर्षं अंगण राखलेल्या कुत्र्याचं अंगण बिबट्यामुळे संध्याकाळी सहानंतर बंद झालं आहे. नवी जागा कोणती, हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. ते दाखवायला चार विटा, दोन घमेली माती आणि पाच वाजताची भाकरी पुरेशी आहे.